छत्रीवर लागलेलं स्टेशन

आमच्या घरात कुणाला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी कपाळावर हात मारायला नको. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बाबा निवृत्त झाले, आवाज झाला नाही. जेवताना मीठ मागतात तेसुद्धा असं की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी बोली लावेल. आई शाळेत खेळाची शिक्षिका होती, तिच्या गळ्यात अजून शिट्टी असते, आणि दूध उतू जायला लागलं की ती गॅस बंद करायच्या आधी शिट्टी मारते. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, म्हणजे दिवसभर "क्लच, अगं क्लच, तो ब्रेक आहे" असं ओरडून घसा बसवून घरी येते आणि मग घरच्यांशी बोलायला लागते. वरच्या मजल्यावर मामा राहतो, आईचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. जगात जिथे म्हणून तार आहे तिथलं सगळं आपल्यालाच कळतं, असं त्याचं ठाम मत आहे, आणि ते मत तो रोज संध्याकाळी चहाला येऊन मांडतो.

अशा घरात माझी धाकटी बहीण जन्माला आली. ती अडखळत नाही, घाबरत नाही, लाजत तर मुळीच नाही. फक्त दोन शब्दांच्या मध्ये थांबते. आई बाजारात एकेक टोमॅटो दाबून बघून पिशवीत टाकते, तसा ही एकेक शब्द निवडून टाकते. आम्हाला कुठला तेवढा दम? ती म्हणायची, "आज मला…" की बाबा म्हणायचे भूक लागलीय, आई म्हणायची ताप आलाय, मी म्हणायचे उशीर झालाय, आणि मामा म्हणायचा तिला बोलू द्या आणि स्वतःच बोलायला लागायचा. एकदा तिला शाळेत बक्षीस मिळालं होतं. तेवढं सांगायला आली तर आईने औषध पाजून, पांघरूण घालून झोपवली. बक्षिसाचं आम्हाला कळलं ते दप्तर धुताना.

म्हणून ती डोंगरापलीकडच्या गावात एका लहानशा रेडिओ केंद्रावर नोकरीला लागली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, आमच्यानंतर थोड्या वेळाने. काम पडद्यामागचं होतं, दुसऱ्यांचे आवाज साफ करून लावायचे. बरं चाललं होतं. मग एका सोमवारी तिचा फोन आला.

शनिवारी संध्याकाळी जी बाई गप्पांचा कार्यक्रम करायची ती बाळंतपणासाठी गेली होती. केंद्राच्या साहेबांनी धाकटीला सांगितलं, या शनिवारी तू बोल. थेट, पाव तास. जमलं तर पुढचे सगळे शनिवार तुझे. हो की नाही ते कार्यक्रम संपला की लगेच सांग.

"ताई, तुम्ही… ऐका," ती म्हणाली. "आणि मला… खरं सांगा. इथले सगळे… चांगलंच म्हणतील. तुम्ही म्हणालात… जमलं, तर मी… हो म्हणेन. नाहीतर… नाही."

हे सगळं ऐकून घेताना मी मध्ये फक्त दोनदा बोलले. हा माझा विक्रम आहे.

मी म्हटलं, आम्ही तिकडेच येतो, सगळे. ती म्हणाली, "नको. तुम्ही आलात तर… मला बोलायला… मिळणार नाही." मला राग आला. तोंडात मारल्यासारखं झालं, पण खोटं काय होतं त्यात? तिचं स्टेशन मोबाइलवर लागत नाही, ध्वनिमुद्रण करून ठेवत नाहीत, एवढुसं केंद्र, हवेत सोडून देतात, ज्याला सापडेल त्याचं. म्हणजे ऐकायचं तर शनिवारी, घरात, आमच्या रेडिओवर. एकदाच.

मी घरात हे जाहीर केलं आणि बाबा ताडकन उठले. स्वयंपाकघरातला रेडिओ त्यांनी पुसून टेबलावर ठेवला, मांडी ठोकली आणि तिने दिलेल्या आकड्यावर काटा नेला. खरखर. नुसती खरखर नाही, आत कुणीतरी बाई रागावून पोतं झटकतेय असा आवाज. काटा केसभर सरकवला की आमच्या गावातलं धष्टपुष्ट स्टेशन धाडकन अंगावर यायचं, त्यावर एक माणूस दिवसरात्र फरश्या विकत असतो. केसभर मागे घेतला की पुन्हा पोतं. फार कान देऊन ऐकलं तर पोत्याच्या आत कुठेतरी एक बाई बोलत होती, पण ती आपल्याशी बोलतेय की जावेशी भांडतेय हे कळत नव्हतं.

"बस झालं," मामा दारातून म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "हे माझं काम आहे."

मामाचं म्हणणं असं की एफएम सरळ रेषेत चालतं. डोंगर मध्ये आला की अडतं, थोडंफार कडेवरून वाकून येतं, तेवढं पकडायचं. मी म्हटलं, मग तुझ्या घरी चल, तू एक मजला वर आहेस. पण त्याच्या खिडक्या उलट्या बाजूला, डोंगराकडे पाठ. गच्चीवर नेला तर तिथे मोबाइलचा टॉवर उभा, त्याच्या शेजारी रेडिओ नुसता गुरगुरायला लागला. म्हणजे आमचीच बाल्कनी. मामाने ती अशी न्याहाळली जशी काही आम्ही तिथे कपडे वाळत घालून आजवर विज्ञानाचा अपमान करत होतो.

त्याने दोन पदरी वायर आणली, टोकाकडून उभी फाडली आणि पाऊण पाऊण मीटरचे दोन हात केले. ते हात सरळ पसरून धरायला काहीतरी आडवं हवं होतं. मामाने आईला न विचारता बैठकीच्या खोलीतला पडदा उतरवला आणि त्याची लाकडी दांडी घेतली. आईने शिट्टी मारली. मामाने लक्ष दिलं नाही, तो लहानपणापासून तिच्या शिट्टीला सरावलेला आहे. दांडीला चिकटपट्टीने वायर लावली, मधून एक शेपूट काढून रेडिओला जोडलं, आणि ती दांडी बाल्कनीत नेऊन धरली.

इथे पहिलं भांडण झालं. बाबांनी दांडीचं टोक त्या गावाच्या दिशेला केलं. गाव तिकडे, तर बोट तिकडे. मामा म्हणाला, दाजी, तसं नसतं, दांडी आडवी हवी. कुणाला मिठी मारायची असली की आपण हात पसरून त्याच्याकडे तोंड करतो, एक हात त्याच्या पोटात खुपसत नाही.

"मेहुणे, मी आयुष्यभर माणसांकडे बोट करून माल विकलाय," बाबा म्हणाले. "बोट केलं की माणूस येतो."

आधी बाबांच्या पद्धतीने धरून पाहिलं. पोतं. मग मामाच्या पद्धतीने आडवी धरली, आणि खरखरीच्या आतून बाईचा आवाज स्वच्छ म्हणाला, "…विहिरीचं पाणी गाळून घ्यावं," आणि पुन्हा बुडाला. मी, आई आणि मामा लहान मुलांसारखे उड्या मारायला लागलो. बाबा म्हणाले, "मी सांगत होतो त्याच्या बरोबर उलट निघालं. म्हणजे दिशा मला पक्की माहीत होती."

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात रेडिओ शिरला. मी शिकाऊ बाईला उजवीकडे वळ सांगायच्या ऐवजी "थोडं आडवं धर" म्हणाले, आणि ती बिचारी गाडी आडवी घालून बसली. मागचे लोक हॉर्न वाजवून मला जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. घरी आले तर आई पोळपाट बाल्कनीत घेऊन बसलेली, कारण स्वयंपाकघरातला दिवा लावला की खरखर वाढते हा तिचा शोध. शोध खरा निघाला. तो वीज वाचवणारा दिवा मामानेच आम्हाला मोठ्या प्रेमाने बसवून दिला होता. मामा म्हणाला, दिवा चांगलाच आहे, पण रेडिओशी त्याचं पटत नाही. मग मोबाइलचे चार्जर काढले, फ्रिजची वायर काढली, पंखा बंद केला. घर बंद पडलेल्या लिफ्टसारखं झालं आणि त्या मानाने आवाज खूपच सुधारला.

आणि आईने तर कमालच केली. रेडिओच्या पाठीमागे एक इवलंसं बटण आहे, त्यावर धूळ बसलेली. मामा पुढून वायरींशी झटत होता तेव्हा आईने धूळ पुसायला फडकं फिरवलं आणि बटण खाली गेलं. एकदम उरलेली खरखर निम्मी झाली. बटणाच्या शेजारी लिहिलं होतं, मोनो. मामा म्हणाला, "हां, ते मी शेवटी करणारच होतो." आई त्यानंतर दोन दिवस जो भेटेल त्याला मोनो म्हणजे काय ते समजावून सांगत होती. तिला ते माहीत नव्हतं, पण तेवढ्याने ती थांबणारी नाही.

एक अडचण उरली. बाल्कनीची लोखंडी जाळी. दांडी जाळीच्या आत धरली की आवाज खोल जायचा, हातभर बाहेर काढली की वर यायचा. नुसती दांडी बाहेर काढून धरायची तर हात पुरेना आणि वजन पेलवेना. काहीतरी लांब, मुठीचं, मजबूत हवं.

बाबा आत गेले आणि दाराच्या मागे खिळ्याला लटकलेली मोठी काळी छत्री घेऊन आले. लाकडी मूठ, लांबलचक दांडा. "जपून," ते म्हणाले, "तुझ्या आईने आणलेली आहे." मामाने मिटलेल्या छत्रीच्या टोकाला पडद्याची दांडी आडवी बांधली. मी मूठ धरून ते सगळं जाळीच्या चौकोनातून बाहेर काढलं. रेडिओवर एक छोटा लाल दिवा आहे, स्टेशन नीट लागलं की पेटतो. आमच्या घरात तो त्या आकड्यावर कधी पेटला नव्हता. आता पेटला. डोंगरापलीकडचा एक माणूस आमच्या टेबलावर बसल्यासारखा कांद्याच्या रोपांबद्दल बोलायला लागला. आम्ही चौघं त्या कांद्यांवर इतके खूश झालो की बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

छत्री हातात आली की आमच्याकडे छत्रीचा किस्सा निघतो, तसा तो निघालाच. आम्ही दोघी शाळेत होतो तेव्हा बाबा एका भर पावसाच्या दिवशी लिलावाच्या टेबलावर आपली छत्री ठेवून काकड्या विकत होते. तोंड सुटलेलं, ढीग संपत आलेला, ओघात हाताला लागलं ते उचललं, ही घ्या लांब, ही घ्या ताजी, मागून एक हात वर आला, आणि "दिली" म्हणून मोकळे झाले. माल संपल्यावर बघतात तर छत्री नाही. आपलीच छत्री आपण विकली. भिजून चिंब होऊन घरी आले.

हा किस्सा आमच्याकडे सगळे मिळून सांगतात. बाबा ओरडतात, आई भिजलेल्या बाबांची नक्कल करते, मामा काकड्या होतो. धाकटी समोर असली की ती दर वेळी म्हणते, "ती छत्री…" आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "विकली," आणि लोळायचे बाकी राहतो.

शनिवार उजाडला. खालच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे, त्याचं दात कोरायचं यंत्र सुरू झालं की आमच्या रेडिओला कळ लागते. मी दुपारीच खाली जाऊन त्याला दम दिला, की बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, पाच ते सव्वापाच यंत्राला हात लावायचा नाही. डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाला, मग मी काय करू, मीही वर येतो. पाचला पाच कमी असताना तो आला, आणि सोबत एक गृहस्थ, गळ्याला हिरवा कागद बांधलेला, अर्धा गाल बधिर. त्यांची दाढ अर्धी कोरून झाली होती. त्यांना एकट्याला खुर्चीत कसं सोडायचं, म्हणून आणलं.

"बछा," आई त्या गृहस्थांना म्हणणार होती बसा, पण घाईत तिचाच गाल बधिर झाल्यासारखं झालं. ते बसले. मामाने शेवटची तपासणी केली. दिवे बंद, फ्रिज बंद, पंखा बंद, सगळ्यांचे मोबाइल माझा सोडून वरच्या मजल्यावर. बाबा रेडिओच्या बटणावर दोन बोटं ठेवून. आई खिडकीशी. मी बाल्कनीत, छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून, दारातून लाल दिव्यावर डोळा.

"यांची छत्री आहे, हौसेने आणलेली," आई माझ्या कानाशी म्हणाली, "काड्या मोडू नकोस."

संगीत वाजलं, संपलं. आणि मग धाकटी.

"नमस्कार. मी… आज पहिल्यांदाच… तुमच्याशी बोलतेय."

आपल्या घरातला आवाज असा डोंगर ओलांडून बाहेरून आत आला. मला हसू आलं, रडू आलं आणि छत्री हलली. दिवा लुकलुकला. मामाने मला डोळे वटारून दाखवले.

"आज मी… एक गोष्ट… सांगणार आहे. आमच्या घरातली." आणि शांतता.

शांतता.

"गेलं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बटण फिरवलं.

मग जो गोंधळ उडाला. फरश्यावाला धाडकन अंगावर आला. मामा बाल्कनीकडे धावला, डावीकडे घे म्हणाला, आई उजवीकडे घे म्हणाली. बाबा बटण पुढेमागे फिरवत स्टेशनला हाका मारायला लागले. डॉक्टर म्हणाला फ्रिज बघा, फ्रिज बंदच होता. दाढवाले गृहस्थ काहीतरी कळकळीने सांगत होते, ते एका अक्षराने कुणाला कळलं नाही. मी सगळ्यांवर मिळून ओरडत होते. आईने शिट्टी मारली. एवढी कर्कश शिट्टी तिने शाळेतही मारली नसेल. सगळे जागच्या जागी थिजले, बाबांची बोटंही, आणि ती नेमकी त्या आकड्यावर थिजली.

"…बाबांचा लिलाव… रंगात आला होता," धाकटी म्हणाली.

दिवा लाल. बाबांनी आमच्याकडे बघितलं. मामा कुजबुजला, "अरे, हा तर छत्रीचा," आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आणि मी… टेबलाच्या मागे… उभी होते."

पुन्हा शांतता. बाबांची बोटं पुन्हा वळवळली. मामाने माझ्या दिशेने हात उचलला. आणि माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी तो दाबते. शिकणारा चुकेल असं वाटलं तरी दाबते. खरं सांगायचं तर मी तो सारखाच दाबत असते. पाय फरशीवर दाबलेला, छत्री हातात, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काहीतरी नाहीये. खरखर नाहीये. स्टेशन गेलं की पोतं झटकणारी बाई येते. ती आली नव्हती. दिवा जळत होता. त्या शांततेत, माझी बहीण केंद्रावर ज्या खोलीत बसली होती तिथलं घड्याळ चालल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

"हात लावू नका," मी म्हटलं. माझ्या गळ्यात इतका हळू आवाज आहे हे मलाच नवीन होतं. "स्टेशन आहे. ती थांबलीय."

बाबांनी बोटं बटणावरून उचलली. मामाने हात खाली घेतला. मी पाय उचलला. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात, सहा माणसं असताना, कुणी काही बोललं नाही. ते थांबणं फार लांबलं नसेल, पण मला वाटलं मी आता फुटेन.

"मला बाबांना… सांगायचं होतं," धाकटी म्हणाली, "की बाबा… ही छत्री… आपली आहे. पण ते… बोलत होते. म्हणून मी… हात वर केला."

आई मटकन खाली बसली.

"शाळेत… करतो तसा," धाकटी म्हणाली. "बोलायचं असलं… की."

त्यापुढचं ती तिच्याच चालीने, एकेक शब्द दाबून बघत सांगत गेली आणि आम्ही एकेक शब्द झेलत गेलो. बाबांना पेट्यांच्या मागे उभी असलेली मुलगी दिसलीच नव्हती, दिसला तो नुसता वर आलेला हात. "दिली," म्हणाले. हमालाने छत्री आणून तिच्या हातात ठेवली, तिला बघितलं, हसून हसून वाकला आणि म्हणाला, जा, घरी नेऊन बाबांना सांग. ती छत्री घेऊन घरी आली. मागून बाबा भिजत आले, आणि दारातूनच त्यांनी आपण छत्री कशी विकली ते सांगायला सुरुवात केली. "मी म्हटलं, ती छत्री… आणि सगळे म्हणाले… विकली." रेडिओवरसुद्धा ती इथे थोडं हसली. दुसऱ्या दिवशी तिने छत्री दाराच्या मागे लटकवून ठेवली, म्हणजे कुणीतरी विचारेल. आईला वाटलं बाबांनी नवी आणली. बाबांना वाटलं आईने आणली. "दोघंही… तसं म्हणतात. पण… एकाच वेळी म्हणतात."

बाबांनी आईकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. मग दोघांनी सावकाश माझ्या हातातल्या छत्रीकडे बघितलं. मला ती खाली ठेवता येत नव्हती, ठेवली असती तर धाकटी गेली असती.

मामा भिंतीला टेकून आवाज न करता हसत होता, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. डॉक्टर खांदे हलवत हसत होता. दाढवाले गृहस्थ अर्ध्या तोंडाने हसत होते, आणि हसताना गाल दुखतोय हे त्यांना नंतर कळणार होतं. बाबा हसत नव्हते. ते रेडिओच्या इतके जवळ वाकले होते की त्यांचं कपाळ त्याला लागायचं बाकी होतं.

"ती छत्री…" धाकटी म्हणाली.

इथे आमच्या सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द आला. इतक्या वर्षांची सवय. बाबांनी ओठ घट्ट मिटले, आईने शिट्टी दातात धरली, मामाने स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मी छत्रीची मूठ आवळली.

"…अजून दाराच्या मागे आहे," ती म्हणाली. "बाबा, मी… तेव्हापासून… तेवढंच सांगत होते."

संगीत वाजलं. कार्यक्रम संपला. कुणीही रेडिओ बंद केला नाही. त्यावर पुन्हा कांद्याचा माणूस आला आणि आम्ही त्याला बोलू दिलं.

मग माझा मोबाइल वाजला. मी एका हाताने छत्री आत ओढली, ती जाळीत अडकली, तशीच सोडली आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ऐकलंत?" धाकटी म्हणाली.

आता बघा, आमच्या घरात प्रश्न विचारल्यावर चार उत्तरं एकदम येतात. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी आधी बोलावं म्हणून. बाबा आईकडे बघत होते. आईला हुंदका आला होता. मामा माझ्याकडे बघत होता. डॉक्टर, सवयीने, दाढवाल्यांच्या तोंडाकडे बघत होता. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत उभा.

"हॅलो?" धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, काळजीने, "हॅलो… आवाज… गेला का? ताई? रेंज… नाहीये का?"

"आहे," बाबा म्हणाले. लिलाव पुकारणारा माणूस, पण आवाज इतका बारीक की मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आहे, बाळा. आवाज येतोय. अगदी स्वच्छ येतोय."

"मग… कसं…" ती म्हणाली, "…वाटलं? मी त्यांना… काय…"

ती थांबली. आम्हाला पुढचे शब्द माहीत होते, सगळ्यांना, तोंडपाठ. बाबांनी खुर्ची ओढली, फोनसमोर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी जाळीत अडकलेली छत्री सोडवून पुसली आणि दाराच्या मागे तिच्या खिळ्याला लावून आले. ती अजून थांबलेलीच होती, आणि आम्ही सगळे ऐकत होतो.